दोन बेने-इस्राएल चित्रकार

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या दोन जुन्या वाटा बोरघाटाच्या पायथ्याशीं जवळ येतात. एक पनवेल, चौक, खालापूर, खोपोली अशी जाणारी सडक. ती १८३० सालीं घाट चढून वर गेली. दुसरी आगगाडीची. तिचे रूळ १८५६ सालीं खोपोलीपर्यंत आले, आणि १८६३ सालीं कर्जतवरून घाट चढणारा लोहमार्ग खुला झाला. तेव्हांपासून कर्जत व खालापूर हे दोन तालुके म्हणजे कोंकण आणि देश यांच्यामधला उंबरठाच होऊन बसले. या उंबरठ्यावरून किती माणसें वर गेलीं आणि किती खालीं उतरलीं, याची मोजदाद कोणीं ठेवली आहे! पण जाणाऱ्यांत एक लहानसा समाज असा होता, कीं त्यानें गांव सोडतांना तो आपल्या नांवांत बांधून बरोबर नेला. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर, किहीमकर, आणि पाताळगंगेच्या कांठच्या आपट्याचे आपटेकर. हीं नांवें ऐकून ऐकणारा सहज म्हणेल, कीं हे कोंकणांतले कोणी ब्राह्मण, प्रभु किंवा मराठे असावेत. पण पहिलें नांव विचारावें तर तें अब्राहाम, शालोम किंवा एलायजा निघावें. हे बेने-इस्राएल लोक होत.

यांच्या परंपरेची कथा कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे ज्याला १९८१ सालापासून रायगड म्हणतात त्या जिल्ह्यांत, पुष्कळांस ठाऊक आहे. फार प्राचीन काळीं एक जहाज चौल बंदराजवळ फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया एवढींच माणसें वांचून नवगांवच्या किनाऱ्यास लागलीं. बुडालेल्यांना तेथेंच मूठमाती मिळाली. धर्मग्रंथ समुद्रांत गेले. उरलें तें स्मरणांत होतें तेवढें: शनिवारचा विसावा, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे कांहीं निर्बंध आणि एका प्रार्थनेचे आरंभीचे शब्द. पुढें दाविद रहाबी नांवाचा एक परदेशस्थ यहुदी तेथें आला. त्यानें या लोकांच्या बायकांपुढें निरनिराळ्या जातींचे मासे ठेवले, आणि त्यांनीं खवले व पर असलेले तेवढेच वेगळे काढले, तेव्हां त्यास खूण पटली, असें सांगतात. या कथेंतला इतिहास किती व आख्यायिका किती, हा वाद पंडितांनीं पुष्कळ केला आहे. प्रस्तुत विषयाला त्यांतली एकच गोष्ट महत्त्वाची. या समाजाची पहिली आठवणच मुळीं परीक्षेची आहे. कोणीतरी बाहेरून येतो, आणि तुम्ही कोण हें सिद्ध करा म्हणतो.

कोंकणांत त्यांनीं धंदा पत्करला तो तेलाच्या घाण्याचा. शनिवारीं घाणा बंद असे, म्हणून गांव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणूं लागला. हें नांव मोठें बोलकें आहे. त्यांत द्वेष नाहीं. युरोपांत यहुद्यांच्या वांट्यास जी जाळपोळ व हाकलपट्टी आली, तिचा मागमूसहि कोंकणांत सांपडत नाहीं. पण त्यांत मानहि नाहीं. तेल्याचें स्थान गांवच्या उतरंडींत जेथें होतें तेथेंच त्यांना बसविण्यांत आलें, आणि शनिवार हा त्यांचा धर्म न राहतां एक चमत्कारिक संवय म्हणून ओळखला जाऊं लागला. सहिष्णुतेचा असाहि एक प्रकार असतो: शेजाऱ्याला जागा द्यावयाची, पण तो कोण आहे हें विचारावयाचें नाहीं.

अठराव्या शतकांत ही मंडळी मुंबईस येऊं लागलीं; कोणी गवंडी व सुतार झाले, कोणी कंपनीच्या पलटणींत शिरले. पलटणींतलाच सामाजी हसाजी दिवेकर, ऊर्फ सॅम्युएल एझिकेल. टिपूच्या कैदेंतून तो सुटला, आणि त्यानें १७९६ सालीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. त्याचें हिब्रू नांव ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचें द्वार. लोक मात्र आपल्या मंदिरास सरळ ‘मशीद’ म्हणत. पुढें पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा येथेंहि अशीं मंदिरें उभीं राहिलीं. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनीं मराठींतून हिब्रूचें व्याकरण लिहिलें. हेतु धर्मांतराचा असेल, पण फळ निराळेंच मिळालें. आपल्याच धर्माची विसरलेली भाषा हे लोक मराठीच्या द्वारें पुन्हा शिकले. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांचीं आख्यानें हरदासी थाटानें गाणारे कीर्तनकार त्यांच्यांत निघाले. हईम सॅम्युएल किहीमकर यांनीं १८७५ सालीं मुंबईंत समाजाच्या मुलांकरितां शाळा काढली. त्यांनीं लिहिलेला समाजाचा इतिहास त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ तीस वर्षांनीं, १९३७ सालीं, तेल-अवीव येथें छापून निघाला. या शाळेचें मुख्याध्यापकपद पुढें रिबेका रूबेन यांनीं १९२२ पासून १९५० पर्यंत सांभाळलें. अशा लहान समाजांत शिक्षक हाच इतिहासकार असतो. कारण मुलानें घरीं येऊन ‘आपण कोण?’ म्हणून विचारलें, तर उत्तर देणारें दुसरें कोणी नसतें.

मुंबईंत त्यांना दुसरी एक उतरंड भेटली, आणि ती अधिक बोंचणारी होती, कारण ती स्वधर्मीयांची होती. बगदादहून आलेले धनाढ्य यहुदी व्यापारी या मराठी बोलणाऱ्या, लुगडें नेसणाऱ्या, सांवळ्या लोकांना बरोबरीचें मानीनात. १८३६ सालीं त्यांनीं सरकारकडे अर्ज केला, कीं स्मशानभूमींत आमच्या व यांच्या जागेमध्यें भिंत असावी. रंगूनच्या प्रार्थनामंदिरांत बेने-इस्राएलांना मताचा हक्क नाकारला गेला, तेव्हां प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १९३५ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला. आणि दुसऱ्यांच्याच पंक्तींत असा भेद होता असें तरी कोठें आहे? खुद्द बेने-इस्राएलांतहि ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे तट होते, व त्यांच्यांत बेटीव्यवहार होत नसे. परीक्षा देणारा संधि मिळतांच परीक्षक होतो, हें येथेंहि चुकलें नाहीं.

या समाजांत १९ डिसेंबर १८८० रोजीं पुण्यास एक मुलगा जन्मास आला. घाट चढून गेलेल्या पिढ्यांपैकीं ही एक. त्याच्या नांवांत गांव उरलेला नव्हता; नांव होतें सॅम्युएल रहमीन. रहमीन म्हणजे दया. दिवेकरांच्या मंदिराच्या नांवांतलाच तो शब्द, आणि अरबींतल्या ‘रहीम’ व ‘रहमान’ यांचा सख्खा भाऊ. या योगायोगाला पुढें फार अर्थ आला.

रहमीन मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेंत शिकले व तेथून लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या विद्यालयांत गेले. तेथें त्यांना जॉन सिंगर सार्जंट यांच्यासारखा व्यक्तिचित्रांचा बादशहा गुरु लाभला. सार्जंट स्वतः अमेरिकन आईबापांचे, इटलींत जन्मलेले, इंग्लंडांत स्थायिक झालेले. एका अर्थानें तेहि उपरेच. रहमीन तैलरंगांत पारंगत झाले. ज्यांच्या वाडवडिलांनीं तिळाचें व नारळाचें तेल गाळलें, त्यांचा वंशज जवसाच्या तेलांत रंग कालवून विलायती साहेबांचीं चित्रें काढूं लागला, हें पाहून कोणासहि कौतुक वाटावें. परत आल्यावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं त्यांना आपल्या संस्थानाचे कला-सल्लागार नेमलें.

१९१२ च्या सुमारास रहमीन यांनीं अतिया फैजी यांच्याशीं विवाह केला. अतियाबेगमांचा जन्म इस्तंबूलचा, घराणें मुंबईच्या सुलेमानी बोहऱ्यांचें. १९०६ सालीं त्या शिक्षिकेचा अभ्यासक्रम शिकण्यासाठीं लंडनला गेल्या होत्या. कवि इक्बाल व मौलाना शिबली यांच्याशीं त्यांचा स्नेह होता. त्यांची बहीण नाझली ही मुरुड-जंजिऱ्याच्या नबाबांची बेगम होती. म्हणजे ज्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर बेने-इस्राएलांचें जहाज फुटलें, त्याच किनाऱ्यावरच्या राजघराण्याशीं रहमीन यांचें नातें जुळलें. विवाहासाठीं त्यांनीं इस्लाम धर्म स्वीकारला. याहूनहि नवलाची गोष्ट म्हणजे, त्यांनीं पत्नीचें घराण्याचें नांव आपल्या नांवास जोडलें व ते सॅम्युएल फैजी-रहमीन झाले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत हिंदुस्थानांतल्या किती पुरुषांनीं असें केलें असेल?

धर्माबरोबर त्यांची कलाहि पालटली. स्वदेशीचे वारे वाहत होते. रहमीन यांनीं सार्जंटची तैलचित्राची विद्या बाजूस ठेविली, आणि राजपूत व मोगल चित्रांचें परिशीलन करून ते जलरंगांत रागरागिण्या, सरदार, दरबार रंगवूं लागले. अतियाबेगमांनीं हिंदुस्थानी संगीतावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला, त्याला चित्रें त्यांनींच दिलीं. १९१४ सालीं पॅरिसला त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन झालें. लंडनच्या टेट संग्रहालयांत त्यांचीं जीं चित्रें गेलीं त्यांत तोडी रागिणीचें एक व राजपूत सरदाराचें एक अशीं आहेत. दोन्ही याच नव्या वळणाचीं. लंडनमध्यें शिकलेली विद्या लंडनला नको होती. त्याला हवें होतें पूर्वेकडचें. रहमीन यांनीं तें मनापासून दिलें. पण पाहणाऱ्यांनीं तें ‘पूर्वेकडचें’ म्हणूनच घेतलें, आणि पुण्याच्या एका यहुदी मुलाला हीं रूपें कोठें व कशीं सांपडलीं, हें विचारण्याची जरुरी कोणास वाटली नाहीं.

शिक्षणाच्या प्रश्नावर त्यांचा खटका उडाला तो मुंबईच्या कलाशाळेचे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याशीं. सॉलोमन केपटाउनचे, म्हणजे तेहि परके. आणि जन्मसाल तेंच, १८८०. त्यांनीं शाळेंत जिवंत नमुन्यावरून अभ्यास व भित्तिचित्रांचा वर्ग सुरू केला, आणि नव्या दिल्लीच्या भिंती आपल्या विद्यार्थ्यांना मिळाव्यात म्हणून मोठी खटपट मांडली. भारतीय मुलाला प्रथम विलायती पद्धतीनें हाडामांसाचें ज्ञान द्यावें व मग त्यानें भारतीय व्हावें, हा त्यांचा क्रम. रहमीन यांना हा क्रमच उलटा वाटे, व तें त्यांनीं वर्तमानपत्रांतून परखडपणें सांगितलें. येथें रहमीन यांच्या बाजूस थोडें न्यून होतें हें कबूल केलें पाहिजे. कारण ज्या शिडीनें ते स्वतः वर चढले, तीच इतरांनीं वापरूं नये असें ते म्हणत होते. परंतु शिडी चढलेल्यालाच तिच्या कोणत्या पायऱ्या कुजक्या आहेत तें ठाऊक असतें, हेंहि तितकेंच खरें. शेवटीं दिल्लीच्या सचिवालयांत काम दोघांनाहि मिळालें. सॉलोमन यांच्या विद्यार्थ्यांनीं तेथें चित्रें काढलीं, आणि १९२६ नंतरच्या वर्षांत रहमीन यांनींहि कांहीं घुमट आंतून रंगविले.

एवढें यश मिळालेल्या माणसाला आपलें घर सांपडलें असेल असें कोणीहि म्हणेल. मुंबईंत त्यांचें व अतियाबेगमांचें घर कलावंतांच्या बैठकींनीं गजबजलेलें असे. पण १९४७ सालीं देश दुभंगला, आणि १९४८ सालीं जिना यांच्या आमंत्रणावरून हीं दोघें व नाझलीबेगम कराचीस गेलीं. तेथें त्यांना जागा मिळाली. तिच्यावर त्यांनीं मुंबईच्या घराच्याच नांवाचें नवें घर उभारलें, ‘ऐवान-ए-रिफअत’. चित्रें, जडावाच्या वस्तू, बैठकी, सगळें पुन्हा मांडलें. जिना त्याच सालीं वारले. पुढल्या दशकांत सरकारी अधिकाऱ्यांच्या हुकुमानें त्यांना तें घर सोडावें लागलें. सत्तरी उलटलेला चित्रकार व त्याची विदुषी पत्नी यांचे शेवटले दिवस भाड्याच्या जागेंत व पैशाच्या तंगींत गेले. रहमीन १९६४ सालीं वारले, अतियाबेगम १९६७ सालीं. त्यांच्या नांवाच्या कलादालनाचें काम पुढें बरींच वर्षें रेंगाळत राहिलें.

रहमीन यांनीं प्रत्येक वेळीं विचारणाऱ्याला हवें तें उत्तर दिलें. लंडननें विचारलें तेव्हां ते लंडनचे झाले, स्वदेशीनें विचारलें तेव्हां राजपुतान्याचे, मग कराचीचे. त्यांत ढोंग होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल, कारण प्रत्येक उत्तराची त्यांनीं पुरी किंमत मोजली. मात्र मागलें उत्तर पुढच्या उत्तरांत राहूं दिलें नाहीं. नवगांव, घाणा, शनिवार, मराठी कीर्तन, यांतलें कांहींएक त्यांच्या प्रसिद्ध चित्रांत दिसत नाहीं.

ज्या वर्षीं रहमीन कराचीस गेले, त्याच वर्षीं इस्राएल राष्ट्र निर्माण झालें, आणि बेने-इस्राएलांची मोठी पांगापांग सुरू झाली. भारतांत तेव्हां ते सुमारें २०,००० होते. पेणकर व रोहेकर विमानानें बीरशेबा व अश्दोदला जाऊन पोंचले. तेथें पुन्हा तीच जुनी परीक्षा! काळे म्हणून पाव काळा मिळतो, कामें हलकीं मिळतात, अशा तक्रारी निघाल्या. १९५१-५२ सालीं कांहीं जणांनीं धरणें धरून भारतांत परत पाठविण्याची मागणी केली, आणि ते खरोखर परत आले. १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मगुरूंनीं आज्ञा काढली, कीं या समाजाशीं विवाह लावण्यापूर्वीं त्यांच्या वंशाची चौकशी व्हावी. दोन हजार वर्षें शनिवार पाळलेल्यांना तुम्ही यहुदी कशावरून, असा सवाल! जेरुसलेममध्यें निदर्शनें झालीं, आणि १९६४ च्या ऑगस्टांत इस्राएलच्या संसदेनें ठराव करून बेने-इस्राएल हे सर्वार्थानें यहुदी असल्याचें जाहीर केलें. रहमीन वारले तें हेंच वर्ष.

सिओना बेंजामिन यांचा जन्म १९६० सालीं मुंबईंत याच समाजांत झाला. त्यांच्याहि नांवांत गांव नाहीं. शिक्षण कॅथॉलिक व पारशी शाळांत, शेजार हिंदु-मुसलमानांचा, घरीं शनिवारचे दिवे. त्याहि सर ज. जी. कलाशाळेंत शिकल्या आणि मग अमेरिकेस गेल्या. इलिनॉय प्रांतांतल्या विद्यापीठांत त्यांनीं चित्रकलेची व रंगभूमीच्या नेपथ्याची अशा दोन उच्च पदव्या घेतल्या, आणि पुढें न्यू जर्सी प्रांतांत स्थायिक झाल्या. अमेरिकेंत यहुदी म्हटला कीं तो युरोपांतून आलेला गोरा, आणि हिंदी बाई म्हटली कीं ती हिंदु, अशी सर्वांची समजूत. दोन्ही कोष्टकांत न बसणाऱ्या बाईला रोज कोणीतरी विचारावें, तुम्ही मूळच्या कोठल्या?

त्यांनीं या प्रश्नाला चित्रांतून उत्तर दिलें. ‘घराचा शोध’ अशा अर्थाच्या नांवाची त्यांची एक दीर्घ चित्रमालिका आहे. तिच्यांतल्या बाईचा वर्ण निळा आहे. कृष्णाचा व कालीचा वर्ण पाहिलेल्या भारतीय डोळ्यांस तो परका वाटत नाहीं. पण चित्रकर्त्रीचें म्हणणें असें, कीं निळा रंग आकाशाचा व समुद्राचा आहे, तो कोणत्याच देशाचा नव्हे, आणि कातडीच्या रंगावरून माणसें वेगळीं काढणाऱ्यांना त्यानें थांबून विचार करावा लागतो. एका चित्रांत ही निळी बाई देवीसारखी अनेक हातांची आहे, आणि ते हात यहुद्यांच्या सप्तदीपाच्या फांद्यांसारखे पसरले आहेत. लिलिथ, एस्तेर इत्यादि बायबलांतल्या व परंपरेंतल्या स्त्रिया त्यांच्या चित्रांत मोगल लघुचित्राच्या बारकाव्यानें, सोन्याच्या वर्खासह येतात. आणि मध्येंच एखादी अमेरिकन जाहिरातींत शोभेल अशी वस्तु डोकावते. येथें रहमीन यांची आठवण होणें अपरिहार्य आहे. लघुचित्रांकडे दोघेंहि वळलीं. पण रहमीन तेथें पोंचल्यावर मागचा दरवाजा बंद झाला. सिओनाबाईंनीं सगळे दरवाजे एकदम उघडे ठेवले आहेत. त्यामुळें चित्रांत कधीं गर्दी होते, आणि एखादें प्रतीक समजून घेण्यास टिपणाची गरज पडते, हा दोष मानला तरी चालेल. उघड्या घरांत वारा यावयाचाच.

त्यांचें शिकविणेंहि चित्रांपासून वेगळें काढतां येत नाहीं. व्याख्यानें व कार्यशाळा यांच्या द्वारें त्या प्रेक्षकांना चित्रांतल्या खुणा उलगडून दाखवितात. किहीमकरांनीं मुंबईच्या शाळेंत समाजाच्या मुलांना जें सांगितलें तेंच येथें परक्यांना सांगितलें जातें. फरक एवढाच, कीं तेथें मुलें आपलीं होतीं, आणि येथें ऐकणाऱ्यानें हें नांव बहुधा प्रथमच ऐकलेलें असतें.

२०१०-११ सालीं फुलब्राइट शिष्यवृत्ति घेऊन त्या भारतांत आल्या. आतां येथें या समाजाचीं माणसें पांच हजारांच्या आंतच उरलीं आहेत. त्यांनीं या माणसांना भेटून त्यांच्या हकीकती ऐकल्या, छायाचित्रें घेतलीं, आणि प्रत्येक मुखाभोंवतीं रंग व सोनें यांची वेलबुट्टी काढून त्यांचीं व्यक्तिचित्रें केलीं. ‘चेहरे’ हें त्या मालिकेचें नांव. पूर्वीं अशी सोनेरी महिरप बादशहांच्या व संतांच्या वांट्यास येई. येथें ती चारचौघांसारख्या गृहस्थांच्या व आजीबाईंच्या मुखाभोंवतीं आहे. सार्जंटच्या शिष्याच्या हातून जें राहिलें, तें अशा रीतीनें झालें: शनवार तेल्यांचे वंशज स्वतःच्या नांवानिशीं चित्रांत बसले.

पुन्हा २०१६-१७ सालीं त्या इस्राएलला गेल्या व तेथें स्थायिक झालेल्या भारतीय यहुद्यांचीं अशींच व्यक्तिचित्रें त्यांनीं हातीं घेतलीं. ज्यांच्याकडे १९६२ सालीं वंशाचा पुरावा मागितला गेला, त्यांचींच हीं मुलें व नातवंडें. तेथें या समाजानें ‘मायबोली’ नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें आहे, सणावाराला अजून मलिद्याचें ताट निघतें, आणि घरांच्या दारांवर हिब्रू लिपींत कोंकणांतल्या गांवांचीं नांवें वाचावयास मिळतात.